धूर कुठे गेला

मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आई मासे विकते, मी सिरियलच्या सेटवर कपडे सांभाळते. कोणत्या सीनला कोणी काय घातलं होतं, कुठलं बटण उघडं होतं, कॉलरला डाग कुठे होता, हे सगळं, म्हणजे कंटिन्युटी, लक्षात ठेवायचं माझं काम. एकाच शर्टाचे तीन-चार जोड आणायचे, इस्त्री करून लटकवायचे, नटाच्या अंगावर चढवायचे. लोकांना वाटतं सेटवर मजा असते. असते कधी कधी. एरवी धोब्याच्या दुकानात असतं तेवढंच काम, फक्त एसी व्हॅनमध्ये.

मी सांगणार आहे त्या दिवशी शूटिंग मढच्या एका बंगल्यात होतं. सकाळी मी नेहमीसारखी वर्सोव्याच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे गेले. पाच मिनिटांचा रस्ता. फेब्रुवारी संपत आला होता आणि दहालाच ऊन पोळायला लागलं होतं.

सीन साधा होता. सासऱ्याला जावयाची लबाडी कळते, जावई त्याला मिठी मारल्यासारखं करतो आणि पोटात गोळी घालतो. सासरा करणारे काका पार्ल्याचे. साठीच्या पुढचे, पूर्वी नाटकात काम केलेले, बँकेतून रिटायर होऊन सिरियलमध्ये बापाची कामं करायचे. सेटवर कुणाशी चढ्या आवाजात बोलत नसत. मला नेहमी 'काय गं, जेवलीस का?' विचारायचे. इतर कुणी विचारत नाही, म्हणून माझ्या लक्षात आहे.

बंदूक घेऊन आले होते ते चाचा म्हाताऱ्यात जमा. त्यांच्याकडे बंदुकांचं लायसन्स होतं, सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. सेटवरची बंदूक खरी असते किंवा खऱ्यासारखी, पण गोळीत शिसं नसतं, नुसती दारू असते. त्याला सगळे 'खाली गोळी' म्हणतात. आवाज होतो, नळीतून जाळ आणि धूर निघतो, बस. चाचांनी सकाळीच सगळ्यांना उभं करून सांगितलं, नळी आणि माणूस यांच्यात हातभर अंतर पाहिजे. मग मला बाजूला घेऊन चामड्याची एक जाड पट्टी दिली. काकांच्या पोटाला शर्टाखाली ती बांधायची आणि तिच्यावर रंगाची पातळ पिशवी.

"ये पट्टी मत निकालना, बेटी," म्हणाले. "साहब बोले तो भी."

मी हो म्हटलं.

पहिले तीन टेक हातभर अंतर ठेवूनच झाले. दर वेळी ठाप असा आवाज व्हायचा, कान सुन्न व्हायचे, नळीच्या तोंडाशी जाळ चमकायचा आणि निळसर धूर काकांच्या छातीवरून वर जायचा. काका पिशवी दाबायचे, रंग पसरायचा, काका पडायचे. मी धावत जाऊन दुसरा शर्ट चढवायची. पण डायरेक्टरला समाधान होईना. मॉनिटरकडे बघत तो म्हणाला, "काकांचं पोट बघा. सासरा नाही, गरोदर बाई वाटतेय." सगळे हसले. काकाही हसले. व्हॅनपाशी शर्ट बदलताना ते मला म्हणाले, "काढ गं ती पट्टी. श्वाससुद्धा नीट घेता येत नाही मला."

मी इकडेतिकडे पाहिलं. चाचा दूर टेबलाशी पाठमोरे बसून गोळ्या मोजत होते. मी पट्टी काढली. हातभर अंतर तर आहेच, असं मनाशी म्हटलं. चाचांना जाऊन सांगायला हवं होतं. त्यांनी आरडाओरडा केला असता आणि डायरेक्टर माझ्यावर उखडला असता. मी रंगाची पिशवी तेवढी शर्टाला आतून चिकटवली, पट्टी माझ्या कपड्यांच्या पिशवीत टाकली आणि गप्प बसले.

काकांची कॉलर नीट करायला मी फ्रेमच्या कडेपर्यंत गेले होते, तेव्हा डायरेक्टर जावई करणाऱ्या नटाच्या कानाशी बोलत होता. मी दोन हातांवर होते. मला स्पष्ट ऐकू आलं.

"टेकव. पोटाला टेकव आणि दाब. मला त्यांचा चेहरा पाहिजे."

"सर, चाचा बोलले की..."

"खाली गोळी आहे यार. काय होतंय."

त्या नटाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. पट्टी नाही, हे तिथे फक्त मला आणि काकांना माहीत होतं. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण कपडेवालीने डायरेक्टरला मध्येच थांबवायचं, ही गोष्टच मी कधी पाहिली नव्हती. कुणीतरी 'सायलेन्स' ओरडलं आणि मी मागे सरले.

त्या वेळी ठाप असा आवाज आला नाही. गादीवर काठी मारावी तसा दबका आवाज आला. जाळ दिसला नाही. धूरही नाही. काका पुढे वाकले, 'अं' असा एक छोटा आवाज केला आणि गुडघ्यावर बसले. त्यांचा चेहरा खरंच तसा झाला होता, डायरेक्टरला पाहिजे होता तसा.

"कट," तो म्हणाला. "एक्स्प्रेशन झकास. पण धूर कुठे गेला? चाचा, धूर दिसला नाही. परत घेऊ."

चाचा टेबलापासून उठून उभे राहिले होते. आवाजावरूनच त्यांना कळलं असावं. ते धावत सुटले. त्या वयाचा माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता.

मी त्यांच्याआधी पोचले. काका जमिनीवर बसले होते आणि हसायचा प्रयत्न करत होते. "काही नाही गं," म्हणाले, "भाजल्यासारखं झालं जरा." शर्ट लाल झाला होता, पण तो तर चारही टेकमध्ये लाल झाला होता. मी हात लावला. सेटवरचा रंग मी रोज हाताळते. थंड असतो, चिकट असतो, त्याला साखरेच्या पाकाचा वास येतो. हा गरम होता. बोटांवर दोन्ही लागलं होतं, थंडही आणि गरमही, आणि कुठलं कुठे संपतं ते कळत नव्हतं. दारूचा वास येत होता आणि त्याखाली केस जळल्याचा.

"हे खरं आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. परत म्हटलं, "सर, हे खरं रक्त आहे."

चाचांनी स्वतःचा गमछा काढून काकांच्या पोटावर दाबून धरला आणि मला विचारलं, "पट्टी?"

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी गमछा आणखी जोरात दाबला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मालाडला गाडीने न्यायचं चाललं होतं. मढवरून मालाड म्हणजे त्या वेळी तासभर तरी. मी म्हटलं, बोटीने पलीकडे नेऊ, वर्सोव्यातून रिक्षाने पंधरा मिनिटांत अंधेरीचं हॉस्पिटल गाठू. त्या दिवशी मी धड बोलले ते एवढंच. दोन लाइटवाल्यांनी काकांना चादरीतून धक्क्यावर आणलं. बोटवाला आमच्याच गल्लीतला. त्याने बाकीच्या लोकांना उतरवलं आणि आम्हाला घेऊन बोट सोडली.

त्या पाच मिनिटांत प्रॉडक्शनवाल्याचा फोन आला. सेटचा सगळा कारभार तो बघायचा.

"ऐक. हॉस्पिटलमध्ये फटाका फुटला सांग. बंदूक म्हणालीस तर पोलिस केस होईल, पोलिस येईपर्यंत कुणी हात लावणार नाही त्यांना. समजलं ना? काकांचा जीव जाईल तुझ्यामुळे."

काकांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडले होते. पोट टणक व्हायला लागलं होतं, गमछ्यावरूनही कळत होतं. मला त्यांचा श्वास मोजायची भीती वाटत होती आणि न मोजायचीही. मी फोनवर बरं म्हटलं, आणि हॉस्पिटलच्या दारात फटाका म्हटलं.

नर्सने कात्रीने शर्ट कापून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. काकांना आत नेलं. तासाभराने पार्ल्याहून काकू आल्या. त्यांनी मला विचारलं, "काय झालं नक्की?" मी त्यांनाही फटाकाच सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. तीन तास आम्ही तशाच बसलो होतो, आणि माझ्या पायाशी ती पिशवी.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. काकूंना त्यांनी आधी सांगितलं की काका वाचतील. आतडं एका ठिकाणी फाटलं होतं, ते शिवलंय. मग माझ्याकडे वळून विचारलं, "फटाका कसा धरला होता?"

मी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"कातडीवर गोल छाप उठलाय, रबरी शिक्क्यासारखा. मध्ये चांदणीसारखं फाटलंय. आत काजळी आहे, शर्टाचे धागे आहेत. फटाक्याने असं होत नाही. नळी टेकवलेली होती का?"

"पण त्यात गोळी नव्हती," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी एक सुस्कारा सोडला. "गोळी नव्हती म्हणून वाचले. पण वारा होता ना. तापलेला, कोंडलेला वारा. नळी लांब असली की तो हवेत पसरतो. टेकवली की त्याला जायला दुसरी वाट नसते, तो माणसातच शिरतो. जरा वर, छातीवर असती तर मी आत्ता तुमच्याशी हे बोलत नसते." मग काकूंच्या हातातल्या माझ्या हाताकडे पाहून म्हणाल्या, "मला पोलिसांना कळवावं लागेल. उपचार कुणी थांबवत नसतं त्यासाठी. आधी सांगितलं असतंत तरी नसते थांबवले."

काकूंनी माझा हात सोडला.

घरी येऊन मी पिशवी मोरीत ठेवली. प्रॉडक्शनवाल्याचा मेसेज आला होता: शर्ट धुवून टाक, कंटिन्युटीला लागेल. कंटिन्युटी मी बघते, मला काय सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "चाचाला नेलं पोलिसांनी. त्याचीच चूक. बंदूक चार फुटांवर होती, त्यानेच काहीतरी भलतं भरलं. युनिटमध्ये सगळे तेच सांगणार आहेत. तू शर्ट धुतलास ना?"

"धुतला," मी म्हटलं.

"शहाणी आहेस. आणि पट्टी तू काढलीस, हे मी कुणाला बोललो नाही हां."

मी मोरीत जाऊन बसले. त्याला कसं कळलं, मी चाचांपुढे मान हलवली ते कोणी पाहिलं होतं का, काही समजेना. बादली भरली. पिशवी उघडली. शर्ट वाळून कडक झाला होता. पोटावरचं भोक मी पहिल्यांदा नीट पाहिलं. कपडा चारी बाजूंनी फाटून त्याची टोकं बाहेर वळली होती, कडा करपलेल्या, आणि भोवती काळं कडं. पहिल्या तीन शर्टांवर नुसती धूसर धूळ होती, झटकली की जाणारी. इथे काळे कण कापडात रुतून बसले होते. मी नखाने एक खरवडून पाहिला. निघाला नाही.

आई बाजारातून आली आणि मागे उभी राहिली. मी सगळं सांगितलं. तिने शर्ट हातात घेतला, उजेडाकडे धरला. भोकातून तिचं बोट दिसत होतं.

"रगत थंड पाण्यात जाईल," ती म्हणाली. "पन यो भोक कसा धुशील गो?"

"काय करू मग?"

"गप राहा. चुलीत टाक नायतर खाडीत सोड. पोलिसात गेलीस तर तुलाच बसवतील तिथं."

आई भित्री नाही. बाजारात चार पुरुषांना पुरून उरते. ती असं म्हणाली म्हणून मी जास्तच घाबरले. दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. गल्लीत मोटरसायकल थांबली की मी दाराची कडी तपासायची. जेवायला बसले की बोटांना तो वास यायचा. शर्ट तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. मी सारखी उठून बघायची, आहे का. मला तो तिथे नसावा असंही वाटत होतं. कुणीतरी न्यावा, आईने टाकावा, उंदराने कुरतडावा. चाचा कोठडीत होते, टेकचं फुटेज प्रॉडक्शनवाल्याच्या ताब्यात, आणि डॉक्टरीणबाईंच्या कागदाशिवाय नळी टेकवलेली होती हे सांगणारी एकच वस्तू माझ्या तांदळाच्या डब्यामागे होती. ती दिली की पट्टीचा प्रश्न येणार आणि पट्टी मी काढली होती. कितीही फिरवलं तरी हिशेब माझ्यापाशीच येऊन थांबायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई झोपली असताना मी शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पोलिस स्टेशनला गेले. मी धीट झाले होते असं नाही. दाराबाहेर झाडाखाली मी अर्धा तास उभी होते, दोनदा परत फिरले. एका हवालदाराने विचारलं, "काय पाहिजे?" तेव्हा मला उत्तर द्यावं लागलं, म्हणून मी आत गेले.

साहेब बाई होत्या. त्यांनी टेबलावर कोरा कागद पसरला, हातमोजे घातले, शर्ट उलगडला आणि बराच वेळ भोकाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "युनिट म्हणतंय चार फूट."

"टेकवली होती. मी ऐकलं, सर काय म्हणाले ते."

"आणि पोटाला काही संरक्षण? बंदूकवाला म्हणतो पट्टी दिली होती."

"दिली होती. मी काढली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणी काढायला सांगितली?"

काकांचं नाव माझ्या ओठावर आलं. ते तिकडे आयसीयूत पडले होते. मी म्हटलं, "कोणी नाही. जाड दिसत होती म्हणून काढली."

जबाब लिहायला संध्याकाळ झाली. सही करण्याआधी बाईंनी मला पाणी प्यायला लावलं. मला अटक होणार, असं मी धरूनच चालले होते. पण त्यांनी फक्त म्हटलं, "घरी जा. मुंबई सोडू नका." रस्त्यावर आले. रिक्षा केली आणि रिक्षात रडले.

शर्ट तपासायला गेला. चाचा आठवड्याने सुटले, लायसन्स परत मिळायला मात्र वर्ष गेलं. डायरेक्टर आणि प्रॉडक्शनवाल्यावर केस झाली. मला दिवाळीपर्यंत कुणी कामाला बोलावलं नाही. फोन केला की लोक म्हणायचे, 'कळवतो हां.' आईच्या टोपलीला मदत करत मी ते दिवस काढले. ती एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही.

काकांना भेटायला जायचं धाडस तीन महिन्यांनी झालं. पार्ल्यात स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं घर. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि बाजूला झाल्या. या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. काका खिडकीशी बसले होते. शर्टाची बटणं पोटावर सैल ठेवलेली. बरेच वाळले होते.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. मग ते म्हणाले, "माझा जबाब घ्यायला ती पोलिसबाई आली होती. मी सांगितलं, पट्टी मी काढायला लावली. तर म्हणते, ती मुलगी तर म्हणते कोणी सांगितलं नाही. खोटं कशाला बोललीस?"

"तुमची चूक नव्हती."

"होती थोडी. तुझी पण थोडी. पण टेकव म्हणणारा वेगळा होता ना." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तू ऐकलं होतंस, हो ना?"

"हो."

"मी पण ऐकलं होतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं काम करतोय. मला वाटलं, म्हातारा घाबरतो म्हणतील."

स्वयंपाकघरातून काकूंनी चहा आणला. कप ठेवताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला आणि क्षणभर तिथेच राहिला.

काका आता काम करत नाहीत. कुणी अंगावर आलं, अगदी मिठी मारायला, तरी ते दोन्ही हात पोटावर धरतात. त्यांचा नातू त्यांना लांबूनच नमस्कार करायला शिकला आहे. केस अंधेरीच्या कोर्टात अजून चालू आहे. माझी साक्ष झाली. समोरच्या वकिलाने मला विचारलं की, तुम्ही साधी कपडे सांभाळणारी बाई, तुम्हाला बंदुकीचं काय कळतं. मी म्हटलं, बंदुकीचं कळत नाही, कपड्याचं कळतं. जजसाहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. डायरेक्टर मागच्या बाकावर बसला होता. बाहेर पडताना त्याने मला 'कशी आहेस' विचारलं, आणि माझ्या तोंडून सवयीने 'बरी आहे सर' निघालं.

मी परत सेटवर जाते. मागच्या महिन्यात एका नव्या सिरियलमध्ये बंदुकीचा सीन लागला. मी शर्ट हातात घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, अंतर किती ते बंदूकवाल्यांना इथे सगळ्यांसमोर सांगू दे, मग शर्ट चढवते. नवा डायरेक्टर माझ्याहून लहान. हसून म्हणाला, "ताई, रिलॅक्स. खाली गोळी आहे."

मी म्हटलं, "मी थांबते." शर्ट दिला नाही. वीस मिनिटं अख्खं युनिट माझ्याकडे बघत थांबलं होतं, कुणीतरी मागून शिवी घातली तीही ऐकू आली. शेवटी बंदूकवाला पुढे आला आणि जमिनीवर खडूने रेघ मारली.